सी भाषेचे मानक : काही रूढ गैरसमज

कंपायलरला मानक न सांगता प्रोग्रॅम हवाली केला, तर तो जणू कोण्या सनातन, निर्विकार ‘सी’ भाषेतला मानला जातो, हा समज इतका दृढमूल आहे की त्याची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः अशा वेळी कंपायलर स्वतःच्या पसंतीचे मानक मुकाट्याने लागू करतो, आणि ती पसंतीही कायम राहत नाही : जीसीसीच्या २०१५ मधील पाचव्या आवृत्तीपूर्वी ती ‘जीएनयू९०’ होती, मग ‘जीएनयू११’, आठव्या आवृत्तीपासून ‘जीएनयू१७’, आणि २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीपासून ‘जीएनयू२३’ झाली. म्हणून ‘फॉर’च्या कंसातच ‘इंट आय’ घोषित करणारा प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर नामंजूर होतो. उलटपक्षी, ‘बूल’ हा प्रकार टाइपडेफने स्वतः घडवणारा जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत अडतो, कारण सी२३ ने तो शब्द राखीव केला आहे.

‘-एसटीडी=सी९९’ लिहिले म्हणजे मानकाबाहेरचे सर्व काही वर्ज्य झाले, हा दुसरा भ्रम. या पर्यायाने मानकाशी प्रत्यक्ष विरोध येणाऱ्या ‘टाइपऑफ’सारख्या सवलतीच तेवढ्या रद्द होतात, फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिण्यासारख्या बाकीच्या सवलती, ‘-पेडॅन्टिक-एरर्स’ जोडल्याखेरीज, बिनदिक्कत चालतात. मात्र ‘सी९९’ आणि ‘जीएनयू९९’ यांत काही भेदच नाही, असेही नव्हे. लिनक्सवर पहिला निवडताच ‘पोपेन’ची घोषणा हेडरमधून अदृश्य होते, कारण ते फंक्शन सी भाषेचे नसून पॉझिक्सचे आहे, हेडर समाविष्ट करण्यापूर्वी पॉझिक्सचा मॅक्रो घोषित केला की ते पूर्ववत हाती येते. या एका गोष्टीपायी कंपायलरला दूषणे देणारे बरेच भेटतात.

मानकाची निवड केल्याने लायब्ररी मात्र बदलत नाही. सी११ ने थ्रेड्सचे हेडर २०११ साली मुक्रर केले, पण ग्लिबसीत ते २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अवतरले. तोवर पर्याय कितीही अचूक लिहिला तरी हेडर सापडणे अशक्यच होते. नव्या मानकाने प्रोग्रॅम आपोआप वेगवान होतो, ही तर निव्वळ वदंता; वेगाचा कारभार ऑप्टिमायझेशनच्या पर्यायांकडे असतो.

जुने मानक पाळणे म्हणजे मागासपणा, असे मानणाऱ्यांनी लिनक्स कर्नेलचा दाखला पाहावा : २०२२ च्या ५.१८ आवृत्तीपर्यंत ते ‘जीएनयू८९’वरच होते, आणि तेव्हाही त्याने नवीनतम मानकाकडे झेप न घेता ‘जीएनयू११’ पत्करले. आपणही कोणते मानक पाळतो ते मेकफाइलमध्ये स्पष्ट लिहावे. ती निवड कंपायलरच्या मर्जीवर सोपवू नये.