अवर्षणाच्या वर्षातील चैत्र-वैशाख : हवामानाचा अंदाज आणि पाण्याचा हिशेब

फाल्गुन सरत आला की सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्याची दृष्टी दोन ठिकाणी वळते, एकदा आभाळाकडे आणि एकदा विहिरीच्या तळाकडे. मागील खरिपात पावसाने दगा दिलेला असला म्हणजे ही दृष्टी अधिकच चिंतातुर होते. अशा वेळी "यंदा वळवाचा पाऊस चांगला आहे" अशी वार्ता गावात पसरते आणि उरलेले पाणी सढळ हाताने वापरले जाते. ही चूक फार महाग पडते. म्हणून हवामानाच्या अंदाजाचा नेमका अर्थ ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घेऊन शेतकऱ्यांना सांगणे अगत्याचे आहे.

अंदाज कसा वाचावा

मार्च ते मे या तीन महिन्यांचा दीर्घ मुदतीचा अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभाग फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी प्रसिद्ध करतो. नैऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये व सुधारित अंदाज मेच्या अखेरीस येतो. याखेरीज दर मंगळवारी व शुक्रवारी कृषिहवामान सल्ला मिळतो. पुणे येथे १९३२ साली कृषिहवामान विभाग सुरू झाला, तेव्हापासून शेतीसाठी हवामानाचा अभ्यास तेथे चालू आहे.

दीर्घ मुदतीच्या अंदाजात "सरासरीहून अधिक पावसाची शक्यता" असे शब्द आले, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, ही केवळ शक्यता होय. ती ४० टक्के असेल, तर तसे न घडण्याची शक्यता ६० टक्के उरते. दुसरी अशी की, सोलापूरकडे मार्च महिन्याची सरासरी मुळातच दहा मिलिमीटरांच्या आत आहे. तिच्या दुप्पट पाऊस झाला तरी विहिरीला पाझर फुटत नाही.

दैनंदिन अंदाजातील शब्दांनाही ठरलेला अर्थ असतो. "तुरळक ठिकाणी" म्हणजे विभागातील फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस होईल. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत केंद्रांवर होईल. वळवाचा पाऊस बहुधा तुरळकच असतो. एका शिवारात गारा पडतात आणि शेजारच्या गावी धूळही बसत नाही.

वळीव काय देतो, काय नेतो

तापलेल्या जमिनीवर समुद्राकडील बाष्प आले म्हणजे दुपारनंतर ढग चढतात आणि वादळासह पाऊस कोसळतो. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी एक लाख लिटर पाणी. ऐकावयास हे पुष्कळ वाटते. परंतु कोरड्या काळ्या रानात ते वरच्या थरातच अडकते आणि काही दिवसांच्या उन्हात परत हवेत जाते. हाच पाऊस ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर पडला व पन्हळीने टाकीत घेतला, तर सुमारे ५०० लिटर पाणी घरी येते.

वळीव नेतो ते मात्र मोठे असते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये झालेल्या गारपिटीने राज्यात रब्बी पिकांची व फळबागांची अपरिमित हानी केली, हे अनेकांना स्मरत असेल. अवर्षणाच्या वर्षी तर कडबा हेच जनावरांचे जीवित. भिजलेला कडबा काळा पडतो व त्यास बुरशी येते. म्हणून वादळाचा इशारा मिळताच काढलेली ज्वारी खळ्यावर उघडी ठेवू नये. कडब्याची गंज उंच जागी रचून झाकावी. विजा चमकत असता झाडाखाली उभे राहू नये व जनावरेही बांधू नयेत.

पाण्याचा हिशेब

या दिवसांत अंदाजातील सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे ऊन होय. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून दररोज सुमारे दहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. शेततळे ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असेल, तर दिवसाला नऊ हजार लिटर पाणी उडते. एका मोठ्या जनावरास उन्हाळ्यात रोज ६० लिटर धरले, तर हे दीडशे जनावरांचे पिण्याचे पाणी झाले. तेव्हा शेततळ्यावर आच्छादन शक्य असल्यास अवश्य करावे.

विहिरीचे मापही दर आठवड्यास घ्यावे. दोरीला गाठी मारून दगड सोडला तरी काम भागते. समजा, मार्चच्या आरंभी दीड मीटर पाणी आहे आणि ते आठवड्याला १५ सेंटिमीटर उतरते. म्हणजे ते दहा आठवडे, मेच्या मध्यापर्यंत पुरेल. केरळात मोसमी पावसाचे आगमन सामान्यतः १ जूनला होते. आपल्याकडे तो त्यानंतर येतो. निदान चार आठवड्यांची ही तूट आजच दिसते, म्हणून तिचा उपायही आजच करावयाचा.

प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी राखून ठेवावे. उरेल त्यावर फळबाग जगवावी. यंदा फळाचा लोभ धरू नये. बहार काढून टाकावा, फांद्यांची हलकी छाटणी करावी, आळ्यात पाचट किंवा काडीकचरा जाड पसरावा. लहान झाडांना मडक्याने पाणी द्यावे. ठिबक असेल तर ते सायंकाळी चालवावे. नवीन उन्हाळी पीक मात्र घेऊ नये.

पेरणीची घाई नको

मेअखेरचा एखादा मोठा वळीव पाहून चाड्यावर मूठ धरण्याचा मोह होतो. परंतु ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याखेरीज पेरणी करू नये. अवर्षणाने खचलेल्या शेतकऱ्यास दुबार बियाणे परवडत नाही. त्या वळवाच्या ओलीवर कुळवाची पाळी घालावी, बांध दुरुस्त करावेत.

कार्यकर्त्यांनी दर मंगळवारी व शुक्रवारी सल्ला चावडीवर वाचून दाखवावा आणि त्याच फळ्यावर गावच्या विहिरीची पातळी लिहावी. आभाळ आपल्या हाती नाही. विहिरीत उरलेले पाणी मात्र आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसू लागले म्हणजे कोणते पाणी कोठे वापरावयाचे, हा निर्णय गाव आपण होऊन घेईल.