आवळलेली मूठ आणि चढता रक्तदाब

1937 साली आलम आणि स्मर्क या संशोधकांनी कैरोत एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्या अवयवाभोवती पट्टा घट्ट फुगवून त्यांनी तिथला रक्तप्रवाह अडवला. स्नायूंचे काम थांबले, माणूस स्वस्थ झाला, तरी चढलेला रक्तदाब उतरेना. पट्टा सैल केल्यावरच तो खाली आला. स्नायूत कोंडलेली रसायने तिथल्या मज्जातंतूंना चेतवत होती. पुढे अशाच प्रयोगांत मूठ सोडताच हृदयाचे ठोके बरेचसे पूर्ववत झाले, रक्तदाब मात्र चढलेलाच राहिला. नाडी आणि रक्तदाब दर वेळी बरोबरीने चढत-उतरत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

हृदयावर किती भार पडतो, हे स्नायू कसे काम करतो यावरही ठरते. 1952 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या होत्या. एकाने पॅडल मारायचे, दुसऱ्याने ते अडवायचे. अडवायला बसलेल्या लहानखुऱ्या स्त्रीने धिप्पाड पुरुषाला सहज दमवले! ताणत जाणाऱ्या स्नायूला तेवढ्याच जोरासाठी प्राणवायू फार कमी लागतो. जिना चढताना छाती धडधडते, उतरताना तितकी नाही, ते यामुळेच.

चालताना किंवा पळताना स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैलावतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वेगाने वाढते. रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, खालचा जवळपास तिथेच राहतो. जड बॅग हातात धरून उभे राहिले की चित्र पालटते. नाडी बेताची वाढते, पण दोन्ही आकडे चढतात. लिंड, डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये याची मर्यादाही दाखवली: पूर्ण ताकदीच्या साधारण 15 टक्क्यांपर्यंत पकड असेल तर रक्तदाब थोडा चढून स्थिरावतो, त्यापुढे हात थकेपर्यंत चढतच जातो.

सर्वांत धक्कादायक आकडे 1985 चे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून थेट दाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी 320/250, आणि एकाचा तर 480/350 च्याही वर! श्वास रोखून जोर लावल्याने त्यात भर पडत होती. रक्तदाबाच्या रुग्णांना अशा व्यायामापासून लांब ठेवण्याचा सल्ला त्या काळात रास्तच होता.

तो सल्ला अपुरा मात्र होता. 1992 मध्ये रॉनल्ड वायली यांनी माफक जोराच्या पकडीचा नियमित सराव करून घेतला, तेव्हा विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरला. 2023 मध्ये 270 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात स्थिर व्यायामाने, म्हणजे स्नायू न हलवता आवळून धरण्याने, वरचा आकडा सरासरी 8 अंकांनी, तर चालणे-पळण्यासारख्या व्यायामाने सुमारे साडेचार अंकांनी घटलेला आढळला. भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसण्याचा व्यायाम त्यात उजवा ठरला. व्यायामाच्या वेळी दाब चढवणारी क्रिया सरावाने तो उतरवते, हा या साऱ्या संशोधनातला सर्वांत मोलाचा शोध. पण म्हणून चालणे सोडू नये. स्थिर व्यायामाची त्याला जोड द्यावी. रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि भिंतीला टेकून बसाल तेव्हा श्वास चालू ठेवा.