पटणे वेगळे, समजणे वेगळे

सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात एक अग्रलेख देऊन त्यातील युक्तिवादाचे विश्लेषण करायला सांगितले होते. मला लेखकाचे म्हणणे पटले नाही, म्हणून मी दोन पाने भरून त्याला खोडून काढले. दहापैकी तीन गुण मिळाले. खाली सरांचा शेरा होता, ‘तुझे मत विचारलेले नाही. लेखक वाचकाला कसे पटवतो ते लिही.’

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला, समता कॉलोनीतल्या घरी गेलो, तेव्हा पेपर आजोबांना दाखवला. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी जोतीराव फुले यांचे इंग्रजी निवेदन माझ्यापुढे ठेवले. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाला फुल्यांनी ते ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केले होते. मला त्यातले सगळे पटले आणि मी पानभर स्तुती लिहिली. आजोबा म्हणाले, “अरे, आधी भांडलास, आता टाळ्या वाजवल्यास. विश्लेषण कुठे आहे?”

मग आम्ही निवेदन पुन्हा वाचले. प्रत्येक मुद्द्यापाशी आजोबा तीनच प्रश्न विचारत : लेखक काय म्हणतो? ते कसे मांडतो? समोरच्या ऐकणाऱ्यावर त्याचा काय परिणाम व्हावा असे त्याला वाटते?

सुरुवातीलाच फुले सांगतात की आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. मला हा कमीपणा वाटला होता. पण स्वतःची मर्यादा आधीच सांगणाऱ्याच्या पुढच्या बोलण्यावर विश्वास बसतो. त्यात त्यांनी स्वतः शाळा काढल्या होत्या, म्हणजे ते ऐकीव सांगत नव्हते.

पुढे ते म्हणतात की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गाला होतो. ऐकणारे सरकारने नेमलेले लोक होते. त्यांच्यापुढे फुल्यांनी दया मागितली नाही, हिशेब मांडला.

शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत, प्रसंगी नांगर हाती धरणारे असावेत, असेही ते सुचवतात. नांगर म्हटला की असा शिक्षक डोळ्यांपुढे उभा राहतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आपल्या देशात २००९ साली झाला!

आता दोन वाक्ये पाहा. पहिले : ‘फुल्यांनी तर्क व भावना यांचा प्रभावी वापर केला आहे.’ हे कोणत्याही लेखाला चिकटवता येईल. दुसरे : ‘महसुलाचा हिशेब मांडून फुले शिक्षणाला उपकार न ठरवता सरकारचे देणे ठरवतात, त्यामुळे आयोगाला ते सहज नाकारता येत नाही.’ हे फक्त याच निवेदनाबद्दल लिहिता येते. मित्रांनो, गुण दुसऱ्या वाक्याला मिळतात. निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदात असे एक तरी वाक्य हवे. आपले मत मात्र बाहेर ठेवायचे.

माझे एनडीएला जाणे आजोबांना पसंत नाही. दर सुट्टीत मी त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर देत असे. या वेळी तेच तीन प्रश्न मनात धरून शेवटपर्यंत ऐकले. ते फौजेविरुद्ध बोलतच नव्हते. निवड झाली नाही तर दुसरी वाट कोणती, एवढेच ते विचारत होते. इतकी वर्षे मी न केलेल्या आरोपाला उत्तर देत होतो.

मला अजूनही एनडीएलाच जायचे आहे. पण आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. ते उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत शोधायचे आहे.