तबकडी बिघडली की दुभाषा चुकला?

जुना संगणक बंद पडला की त्यातील हार्ड डिस्क काढून ती यूएसबी अडॅप्टरच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकास जोडण्याचा प्रघात आता सर्वत्र पडला आहे. अशा डिस्कवर लग्नकार्याची छायाचित्रे, दिवंगत वडीलधाऱ्यांचे आवाज, संस्थांचे हिशेब असे पुन्हा न मिळणारे धन साठविलेले असते. म्हणूनच जोडणी करूनही पडद्यावर काहीच दिसले नाही, की पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते आणि ‘डिस्क गेली’ असा निकाल तो देऊन टाकतो. परंतु नळाला पाणी आले नाही, म्हणजे तळे आटले असे नव्हे.

डिस्क आणि संगणकाचा यूएसबी पोर्ट यांची भाषा एक नाही. आजकालच्या बहुतेक घरगुती हार्ड डिस्कची भाषा ‘साटा’ नावाची. अडॅप्टरमधील लहानशी चिप या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करते. म्हणून दोषाचा शोध घेताना वीज, वाट, दुभाषा आणि सरतेशेवटी डिस्क, असा क्रम ठेवावा.

प्रथम विजेचा विचार करू. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर प्रवाह देतो. तबकडी प्रथम गती घेते तेव्हा याहून अधिक प्रवाह लागू शकतो. तो न मिळाल्यास डिस्क फिरू लागते, थांबते, पुन्हा फिरू लागते. मोठ्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्टही लागतात. ते यूएसबीच्या साध्या पोर्टातून मिळत नाहीत, म्हणून तिला वेगळा वीजपुरवठा जोडावाच लागतो. लहान डिस्कसाठी मधला हब काढून ती थेट संगणकास जोडावी, किंवा स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरावा.

त्यानंतर वाट तपासावी. आखूड व चांगली केबल घ्यावी, पोर्ट बदलावा, दुसरा संगणक वापरून पाहावा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कोठे होता हे कळत नाही. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहिल्यास कित्येकदा डिस्क तेथे हजर असते. केवळ तिला अक्षर दिलेले नसते, म्हणून ती नेहमीच्या यादीत येत नाही.

दुभाष्याच्या चुका अधिक फसव्या असतात. काही जुन्या अडॅप्टरांना सुमारे २ टेराबाइटपलीकडे मोजता येत नाही. त्यामुळे ३ टेराबाइटची डिस्क अवघी ७४६ गिगाबाइटची दिसते. काही तयार पेट्यांतील चिप डिस्कचे ५१२ बाइटचे भाग संगणकास ४०९६ बाइटचे म्हणून सांगते, तर काही चिप मजकूर सांकेतिक रूपात लिहितात. अशी डिस्क पेटीतून काढून दुसऱ्या अडॅप्टरला लावली की ती कोरी भासते. ती मूळ पेटीत, मूळ चिपशी जोडली म्हणजे सर्व मजकूर पुन्हा दिसू शकतो.

खरा धोका येथेच आहे. मजकूर न समजल्यास संगणक ‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असे विचारतो. हा सल्ला नव्हे, ती केवळ त्याच्या अज्ञानाची कबुली होय. आतील मजकूर हवा असेल तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. घाईने दिलेल्या एका होकाराने जेवढे नुकसान होते, तेवढे सैल केबलने सहसा होत नाही.

पुरेशी वीज व दुसरा अडॅप्टर देऊनही डिस्कमधून एकसारखा टकटक आवाज येत असेल, तर मात्र दुखणे बहुधा डिस्कचेच आहे असे समजावे. ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावी. पुनःपुन्हा चालू केल्याने तबकडीवर ओरखडे पडून उरलेसुरलेही नष्ट होण्याचा संभव असतो. याउलट डिस्क दिसू लागली, तर दुरुस्तीचे प्रयोग न करता मोलाचा मजकूर आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि संगणकास रीतसर सूचना देऊनच केबल काढावी.

दुसरी प्रत असेल तर डिस्क बिघडणे ही किरकोळ अडचण ठरते. ती नसेल तर मात्र एका घराची स्मृतीच पुसली जाते.