बदकाचा ‘व्ही’, बोटीचा ‘व्ही’

वीकएंडला काय करायचं? अमरावतीकरांचं उत्तर ठरलेलं: छत्री तलाव, नाहीतर वडाळी. अकोलेकर गाडी काढून महानला, काटेपूर्णा धरणावर. भुट्टा खायचा, फोटो काढायचे, घरी. पुढच्या खेपेला मोबाइल जरा खिशात ठेवा आणि पोहणाऱ्या बदकाच्या मागे बघा. पाण्यावर इंग्रजी ‘व्ही’ पसरत जाताना दिसेल. मुंबईत गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचमागेही असाच ‘व्ही’ असतो.

‘त्यात काय एवढं?’ बारावीनंतर फिजिक्सला रामराम ठोकून मास कॉमला गेलेल्या मलाही हेच वाटायचं. पण गंमत आहे कोनात!

कोन तोच

पुढे लॉर्ड केल्विन म्हणून गाजलेल्या विल्यम थॉमसन यांनी 1887 साली याचं गणित मांडलं. पाणी खोल असेल तर ‘व्ही’ची प्रत्येक बाजू मधल्या रेषेपासून साधारण साडेएकोणीस अंशांवर असते. बदक असो की जहाज! कारण खोल पाण्यात लाटांचा घोळका, म्हणजेच त्यांची ऊर्जा, एकेका लाटेच्या निम्म्या वेगानेच पुढे सरकते. बोटीचा वेग बदलला तरी हे ‘निम्मं’ बदलत नाही, म्हणून कोनही बदलत नाही.

अपवाद आहेतच. काठाजवळच्या उथळ पाण्यात कोन रुंदावतो. बदक सेकंदाला 23 सेंटिमीटरपेक्षा हळू सरकत असेल, तर ‘व्ही’ उमटतच नाही. आणि 2013 मध्ये राबो आणि मोइझी या फ्रेंच संशोधकांनी उपग्रहावरून टिपलेले जहाजांचे फोटो तपासले, तेव्हा सुसाट जहाजांमागचा ठळक ‘व्ही’ अरुंद निघाला.

लाट मात्र वेगळी

कोन सारखा, म्हणून लाट सारखी समजू नका बॉस! बोट चालत्या माणसाच्या वेगाने गेली, तर मागोमाग येणाऱ्या दोन लाटांमध्ये जेमतेम तीन-चार फूट अंतर असतं. ताशी 18 किलोमीटरला तेच 16 मीटर होतं. आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट. मोटरबोट निघून जाते, तिची लाट नंतर येऊन शेजारच्या छोट्या नावेला आडवी धडकते. नावेत माणसं जास्त असली, तर तिचा काठ आधीच पाण्याला टेकायला आलेला असतो.

पाणी आपल्याकडे काय करू शकतं, हे वेगळं सांगायला नको. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जणांचा जीव गेला. ती मागच्या लाटेने उलटली, असं मी म्हणत नाहीये. पण भरलेली नाव सावरायला वेळ देत नाही, एवढं खरं.

तेव्हा बोटीत बसाल तर लाइफ जॅकेट घाला, फोटोसाठी सगळे एका बाजूला धावू नका आणि नाव भरलेली दिसली तर सरळ पुढच्या फेरीची वाट बघा. तेवढ्या वेळात बदकं आहेतच बघायला!