चित्राच्या चौकटीचा सांधा

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रापाशी प्रेक्षक हमखास थबकतात. हाती दिवा घेतलेली एक स्त्री, आडोशाला धरलेला दुसरा हात आणि बोटांतून चेहऱ्यावर पडलेला उजेड. पुष्कळांना हे चित्र राजा रविवर्मा यांचे वाटते. वस्तुतः ते सावंतवाडीचे मराठी चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे असून जलरंगात रंगविलेले आहे.

जलरंगातील चित्र म्हणजे अखेर कागद. ओल, धूळ आणि कसर यांपासून त्याला जपावयाचे तर पुढे काच, मागे फळी आणि या दोहोंना घट्ट धरणारी चौकट हवी. घरातील विवाहाचे छायाचित्र असो वा आजोबांची तसबीर, गरज तीच. चौकट निवडताना आपण तिचा रंग आणि नक्षी पाहतो. कोपरा मात्र क्वचितच पाहतो. वास्तविक चौकटीचे आयुष्य कोपऱ्यावरच ठरते.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतील ओलावा घेऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते; परंतु हा बदल रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे पट्टीच्या रुंदीत होतो. लांबीत तो जवळजवळ होतच नाही. बाजारातील नेहमीच्या चौकटीत पट्ट्यांची टोके ४५ अंशांत तिरकी कापून खिळ्यांनी जोडलेली असतात. पट्टीची रुंदी घटली, लांबी तशीच राहिली, की कापाचा कोन बदलतो आणि सांधा आतल्या बाजूने उघडतो. शिवाय लाकडाच्या कापलेल्या टोकावर सरस नीट धरत नाही. टोक तो शोषून घेते. मग सारा भार खिळ्यावर येतो, आणि दमट हवेत खिळा गंजतो. म्हैसूरच्या सौम्य हवेतून कोकणच्या पावसाळ्यात आलेल्या चौकटीची तर परीक्षाच असते.

जुन्या पद्धतीचा सुतार लाकूड लाकडातच गुंतवतो. दाराखिडक्यांना लागणारा कुसू-सालीचा जोड चौकटीसही चालतो. पण घरगुती चित्राला त्याहून सोपा, अर्ध्या जाडीचा जोड पुरेसा होतो. त्यासाठी चांगले वाळलेले, सरळ रेषांचे सागवान घ्यावे. दीड इंच रुंद आणि सहा सूत जाडीच्या चार पट्ट्या रंधून, गुण्या लावून तपासाव्यात. काच व चित्र बसण्यासाठी मागच्या आतल्या कडेला दोन सूत रुंदीची खाच काढावी. तिची खोली पट्टीच्या निम्म्या जाडीइतकी, म्हणजे तीन सूत ठेवावी. त्यामुळे खाच आणि जोड यांची पातळी एक येते. मग उभ्या पट्ट्यांच्या टोकांची मागची अर्धी जाडी आणि आडव्या पट्ट्यांची पुढची अर्धी जाडी करवतीने व पटाशीने उतरवावयाची. येथे एक बारकावा आहे: उभ्या पट्टीवरचा काप खाचेच्या रुंदीइतका, म्हणजे दोन सूत आखूड घ्यावा, नाहीतर मागे कोपऱ्यात पोकळी उरते.

आता दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर बसतात आणि सरसाला पकड मिळते. सरस सुकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले तरच चौकट काटकोनात आहे. शेवटी प्रत्येक कोपऱ्यात बांबूची बारीक खुंटी ठोकली की लोखंडाचे कामच उरत नाही. चित्र खाचेत अगदी घट्ट बसवू नये. सूतभर मोकळीक ठेवावी, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी.

ज्यांना तिरका कोपराच आवडतो त्यांच्यासाठीही उपाय आहे. कोपऱ्यावर बाहेरून करवतीची चीर पाडून तीत लाकडाची पातळ पट्टी सरसाने बसवितात. ती वेगळ्या रंगाची असली तर शोभाही येते.

रंगीत लाकडाचा हा विचार म्हैसूरला नवा नाही. तेथील शिसवी जडावकाम प्रसिद्ध असून त्यास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. शिसवाच्या फळीत आकृती कोरून निरनिराळ्या लाकडांचे तुकडे त्यांच्या नैसर्गिक रंगांसह बसवितात. फणसाचे लाकूड पिवळ्या छटेसाठी. म्हैसूरच्या राजवाड्यातील शिसवी दारांवर हस्तिदंताचे जडावकाम आहे, पण १९८६ च्या कायदादुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला.

हाताने सांधा घालण्यास वेळ लागतो, म्हणून अशी चौकट महाग पडते. खिळ्याच्या चौकटीत वाचलेले पैसे मात्र पुढे दुरुस्तीत जातात. खरेदी करताना चौकट उलटी करून कोपरा पाहावा, समोरासमोरचे कोपरे धरून हलकेच पिळून पाहावे. हलणारा सांधा तेथेच कळतो.

हे काम करणाऱ्या सुतारांना भांडवलाची अडचण असते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि तारणाविना ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, प्रथम १ लाख व नंतर २ लाख अशा दोन टप्प्यांत मिळते. परतफेडीची मुदत अनुक्रमे १८ व ३० महिने आहे. परिचयातील एखाद्या सुतारास ही माहिती नसल्यास ती अवश्य द्यावी. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते.