जंगलाकाठचे आजार (भाग ६) : न दुखणारा चट्टा

मागच्या भागात हिवताप पाहिला. हिवताप माणसाला पटवून द्यावा लागत नाही. थंडी वाजून दात कडकड वाजायला लागले की ताप आहे यावर कुणी वाद घालत नाही. आजचा आजार याच्या अगदी उलट आहे. तो दुखत नाही, खाजत नाही, ताप आणत नाही. अंगावर एक फिकट किंवा लालसर चट्टा उठतो, तिथली संवेदना हळूहळू जाते, आणि माणूस महुआ वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, पर्यटकांची जिप्सी चालवायला नेहमीसारखा जात राहतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीसारख्या जंगलाकाठच्या गावात कुष्ठरोग शोध मोहीम येते तेव्हा आशाताई आणि एक पुरुष कार्यकर्ता घरोघर फिरतात. बायकांची तपासणी आशाताई करते, पुरुषांची तो कार्यकर्ता. संशय वाटलेल्यांना पुढे तपासतात आणि त्यातले काही जण रुग्ण म्हणून पक्के ठरतात. जिथे गेली कित्येक वर्षं एकही नाव नव्हतं तिथे अचानक दोन-तीन नावं होतात. मग भीती सुरू होते. साथ आली, पसरत चालली, अमक्याच्या घरचं पाणी नको. आणि त्याच गावात, कधीकधी त्याच माणसाच्या तोंडी, अविश्वासही असतो : एवढ्याशा चट्ट्याला हे लोक रोग म्हणतात, यांना आकडे पुरे करायचे असतील.

भीती आणि अविश्वास ही दोन टोकं वाटली तरी इथे ती एकाच कारणातून निघतात, आणि ते कारण म्हणजे या जंतूचा वेग. मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिला. माणसाला रोग देणारा म्हणून ओळखला गेलेला तो पहिल्या काही जंतूंपैकी एक, पण आजही प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत तो वाढवता आलेला नाही. पटकीच्या जंतूचे एकाचे दोन व्हायला तासभरही लागत नाही. या जंतूला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. म्हणजे या मोहिमेत सापडलेल्या प्रौढ माणसाला लागण बहुधा या पावसाळ्यात किंवा गेल्या उन्हाळ्यात झालेली नसते. तो आधीपासून गावात होता, आपल्याबरोबर पंगतीला बसत होता. मोहिमेनंतर वाढलेला आकडा बहुतेक वेळा शोधण्याचा आकडा असतो. ज्या जिल्ह्यात नीट शोधतात तिथे रुग्ण जास्त दिसतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत रुग्ण शोधले जातात तसे ते खरोखर आहेतही. राज्यात हे दोन जिल्हे कुष्ठरोगाच्या बाबतीत पूर्वीपासून वरच्या यादीत आहेत.

एका बाबतीत मात्र आकड्याने घाबरायलाच हवं. चौदा वर्षांखालच्या मुलाला चट्टा निघाला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. मुलाचं आयुष्यच थोडं, म्हणून लागण अलीकडची, म्हणजे उपचार न घेतलेला कुणीतरी त्याच्या रोजच्या सहवासात आहे. जंतू नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून, दीर्घकाळच्या जवळिकीतून पसरतो. हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. शंभरातल्या पंच्याण्णवांच्या आसपास माणसांत त्याच्याशी लढण्याची ताकद मुळातच असते. मुलाच्या चट्ट्यावर गावाने करायची गोष्ट म्हणजे त्या मुलाच्या घरच्यांची आणि शेजाऱ्यांची तपासणी. मुलाला शाळेतून काढणं हा अन्याय आहेच, शिवाय त्याने लागणीचा उगम शोधण्याचं काम एक पाऊलही पुढे जात नाही.

आता अविश्वासाकडे. दुखत नाही म्हणून रोग नाही, हा तर्क रोजच्या अनुभवाने अगदी बरोबर आहे. पण इथे न दुखणं हाच रोग आहे. जंतू मज्जातंतूंत राहतो. डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीने चट्ट्याला स्पर्श करतात तेव्हा कळत नाही ते यामुळे. पुढे हाता-पायांचे मज्जातंतू गेले की जंगलातलं जगणं धोक्याचं होतं. बाभळीचा काटा पायात मोडतो आणि चालणं सुरूच राहतं. चुलीवरचं भांडं उतरवताना बोटं भाजतात आणि वास आल्यावर कळतं. हातापायाची बोटं झडतात असं जे आपण म्हणतो, ते या न कळलेल्या जखमा चिघळून घडतं. वेळेत औषध सुरू झालं तर यातलं बहुतेक टळतं.

अविश्वासाला एक हातभार सरकारी घोषणेनेही लावला आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवं. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण उरले, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. देशाच्या सरासरीबद्दल ते खरं होतं. गावात त्याचा अर्थ ‘कुष्ठरोग संपला’ असा पोचला. मग २०१६ पासून पुन्हा घरोघर शोधमोहिमा सुरू झाल्या, तेव्हा ‘संपलेला रोग परत कुठून आणला?’ हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला अडाणी ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही.

भीती कशी जाते याचं उत्तर शोधायला मोहर्लीहून लांब जावं लागत नाही. शेजारच्याच तालुक्यात, वरोऱ्यात, बाबा आमटे नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना मैला वाहण्याचं काम स्वतः करत होते. गटाराकाठी पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण दिसला तेव्हा ते घाबरून पळाले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. ते परतले, त्याच्यासाठी आडोसा केला, शेवटपर्यंत त्याची सेवा केली, मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन हा रोग शिकले. १९५१ मध्ये सहा रुग्णांना घेऊन खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. जमीन पिकली, दूध आलं, भाजी आली. वरोऱ्याचे लोक ती घ्यायला तयार नव्हते. यात बदल घडवणारी गोष्ट भाषण नव्हती. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक १९५४ मध्ये आले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती उभ्या केल्या, त्यांच्याबरोबर तिथेच जेवले. हे वरोऱ्याने पाहिलं आणि हळूहळू आनंदवनाची भाजी बाजारात खपू लागली. १९६४ मध्ये तिथेच आनंद निकेतन महाविद्यालय निघालं आणि पंचक्रोशीतली धडधाकट मुलं कुष्ठरुग्णांनी उभ्या केलेल्या आवारात शिकायला येऊ लागली. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते भाजीचं खपणं. दया दाखवायला धैर्य लागत नाही. विकत घेऊन खायला लागतं.

भीतीला कायद्याचाही जुना आधार होता. १८९८ चा कुष्ठरुग्णांबाबतचा कायदा त्यांना कोंडून ठेवण्याची मुभा देत होता आणि तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते तर २०१९ मध्ये. आजीने रोग का लपवला, हे नातवाला यावरून कळावं.

औषधाबद्दलचा संशय मात्र आजचा आहे, आणि तो दूर करणं आपल्या हातात आहे. १९८१ पासून वापरात असलेला बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो आणि तो सुरू झाल्यावर रुग्णाकडून इतरांना लागण होण्याचा धोका झपाट्याने संपतो. पण यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तपकिरी पडते. कातडीचा हा रंग औषध थांबल्यावर काही महिन्यांत ओसरतो, पण हे आधी न सांगता पाकीट हातात दिलं, तर पहिल्याच दिवशी रक्त गेल्यासारखी लघवी पाहून माणूस ते पाकीट फेकणारच. याहून मोठी अडचण ‘रिअ‍ॅक्शन’ची. उपचार चालू असताना काहींचे चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नसा दुखतात, ताप येतो. माणसाला वाटतं, गोळीनेच रोग वाढवला. खरं तर शरीर जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडलेलं असतं आणि त्यात मज्जातंतू चेपले जातात. अशा वेळी गोळ्या सोडायच्या नाहीत, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन वेळेत मिळालं तर हात वाचतो, बोटं वाचतात. पाकीट देताना या तीन गोष्टी सांगायला दहा मिनिटं लागतात. माझ्या मते ती दहा मिनिटं औषधाचाच भाग आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न निरोगी माणसाचा. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस दिला तर त्यांना रोग होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक कमी होते, हे बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पुढची दोन वर्षं हा फरक टिकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना हा डोस देत नाहीत. दारात आलेल्या आशाताईला इथला माणूस विचारतो, ‘मले काही होऊन नाही रायलं, मंग गोळी काहून घेऊ?’ याचं उत्तर देता येतं. पुढच्या प्रश्नाचं देणं कठीण : ‘माह्याच दारात काहून आल्या? कोणाले हाय?’

उत्तर देताना रुग्णाचं नाव फुटतं. रिसॉर्टमध्ये स्वयंपाक करणारी बाई असेल, पर्यटकांना घेऊन जाणारा गाइड असेल, तर नाव फुटणं म्हणजे हंगामाची मजुरी जाणं. म्हणून शेजाऱ्यांना गोळी द्यायची तर रुग्णाची परवानगी आधी घ्यावी, आणि तो नाही म्हणाला तर घरच्यांवरच थांबावं. काही ठिकाणी त्यावर साधा मार्ग काढतात : एका घराच्या आजूबाजूला न जाता अख्ख्या वस्तीची तपासणी करतात, आणि गोळी सगळ्यांना देतात. खर्च वाढतो, गोळ्या जास्त लागतात. तरीही मला हाच मार्ग बरोबर वाटतो, कारण परवानगी मागताना ‘नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाची भीती खरी असते, आणि तिची किंमत त्या एका घराने भरण्यापेक्षा आरोग्य खात्याने भरावी.

रिफॅम्पिसिन हे क्षयाचंही औषध आहे, म्हणून हा डोस देण्यापूर्वी खोकल्याची चौकशी करावी लागते आणि क्षयाचा संशय असेल तर तो देत नाहीत. तो खोकला पुढच्या भागात.